दारापाशी दहावा आकडा

१

दुपारची जेवणं झाली की मी जाळपोळ करायला जायची. हे शब्द आईचे. शेजारणीनं विचारलं, दीप्ती कुठं गेली, की आई म्हणायची, "गेली फराजच्यात, जाळपोळ करायला," आणि शेजारीण पुढचे दोन दिवस माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं बघायची. फराजचं सायबर कॅफे शिवाजी पेठेत होतं, त्याच्या घराच्या पुढच्याच खोलीत. साल २००८. तिथं आम्ही एक ऑनलाइन गेम खेळायचो आणि त्यात मी मेज होते, म्हणजे जादूगार. आग, बर्फ आणि वीज. एकट्यादुकट्याला मारणं कुणालाही जमतं. माझं काम घोळक्याला मारायचं. जमिनीवर वर्तुळ आखायचं आणि त्यात जो कोण शत्रू असेल तो भाजून निघायचा. आपल्या माणसांवर आग पडत नाही, हा गेमचा नियम.

फराज ढाल घेऊन पुढं असायचा आणि मार खायचा. मागं दादा. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ प्रसेनजीत, आईचा जितू. तो हीलर. आमचा जीव कमी झाला की तो भरून काढायचा. पेठेच्या फुटबॉल संघात तो गोलकीपर होता. त्याचा स्वभावच तसा, दुसऱ्यांच्या चुका पोटात घालणारा. मी मात्र आमच्यात सगळ्यात जास्त चुका करायची आणि वर त्यालाच बोलायची.

"हीलरबिगर तळघर साफ कर," तो म्हणायचा, "मग तुला मेज म्हणतो."

मार्चमध्ये एका दुपारी तो खेळता खेळता उठला. "वडा घिऊन येतो, बंद करू नका," म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला. रंकाळ्याच्या वळणावर त्याला टेंपोनं उडवलं. पाय मोडला, तो जुळणार होता. डोक्याला लागलं होतं, त्याचं कुणी काही सांगेना. तो शुद्धीवरच आला नाही.

बंद करू नका म्हणाला होता, म्हणून आम्ही केलं नाही. पेठेतल्या संघांची रीतच तशी आहे, खेळाडू जायबंदी झाला तरी त्याचं नाव कुणी उतरवत नाही. कोपऱ्यातलं त्याचं मशीन दिवसरात्र चालू राहिलं. लोडशेडिंगमध्ये बंद पडू नये म्हणून फराजनं त्याला वेगळी बॅटरी जोडून दिली. गेममध्ये दादाचा पांढऱ्या झग्यातला हीलर मी माझ्या मागं लावून ठेवला होता. मी जाईन तिथं तो चालत यायचा आणि दारापाशी उभा राहायचा.

डॉक्टर म्हणाले होते, ओळखीचं बोलत जा, कान जागे असतात. मला दुसरं काय बोलता येणार? रोज संध्याकाळी दवाखान्यात मी त्याच्या कानाशी कुठली आग कधी टाकली ते सांगायची. आणि मनाशी ठरवून टाकलं होतं, हीलरशिवाय तळघर साफ करायचं आणि ते त्याला सांगायचं. हे ऐकून तो उठल्याशिवाय राहणार नाही, असा माझा विश्वास होता. हसायचं तर हसा.

२

तळघर म्हणजे एकच मोठी दगडी खोली. मधे एक खांब, समोर एक दार, आणि आत नऊ सांगाडे. मारून थोडा वेळ गेला की ते पुन्हा उभे राहायचे.

सांगाडे विखुरलेले असले की मेजचं काही चालत नाही. म्हणून फराज सगळ्यांना डिवचून खांबाआड पळायचा आणि ते त्याच्या मागं कोपऱ्यावर वळताना गर्दी करायचे. तेवढ्यात मी बर्फाचं कडं टाकून त्यांना थिजवायची, दोन पावलं मागं सरकायची आणि वरून आगीचा पाऊस. मग वीज. प्रत्येक जादू एकदा टाकली की गार व्हायला वेळ लागतो, तोवर ती पुन्हा टाकता येत नाही, आणि प्रत्येकीला माना लागते, म्हणजे जादूचं इंधन. आमच्या गेमची गंमत अशी होती, की वर्तुळात जितके जास्त तितकी माना परत मिळायची. घोळका हेच जळण. त्यामुळे सगळी कला क्रमात होती. कडं घोळका जमायच्या आधी टाकलं तर सांगाडे पांगलेलेच थिजायचे. पाऊस अर्धा पडल्यावर टाकलं तर पावसात जाग्यावर अडकायचे आणि वीज तोवर गार झालेली असायची. हे एवढं कळायला मला दोन आठवडे लागले.

आग पडली की ज्याला लागेल त्याच्या डोक्यावर पांढरा आकडा उडतो. नऊ सांगाडे, नऊ आकडे. एका दुपारी दहा उडाले.

पहिल्यांदा मी म्हटलं, चुकून मोजले. दुसऱ्यांदाही दहा. नऊ आकडे घोळक्यावर आणि एक बाजूला, दारापाशी, दादाच्या हीलरच्या शेजारी. पावसाची कड जेमतेम तिथवर पोचत होती. तिथं कुणीच नव्हतं.

"फराज, दहावा कुणाला लागला?"

"सर्व्हर लॅग मारायलाय," फराज म्हणाला. त्याच्या मते जगातल्या सगळ्या अडचणी सर्व्हरच्या होत्या. त्याच्या लग्नाची बोलणी फिसकटली तेव्हाही तो हेच म्हणाला होता.

३

मी हट्टी आहे. सांगाडे सगळे मेले, हीलरबिगर तळघर साफ झालं, पण त्याचं मला भानच नव्हतं; मी मुद्दाम दारापाशी वर्तुळ आखून आग टाकली.

एक आकडा उडाला.

तो डोक्याच्या उंचीवर उडाला नाही. जमिनीपासून जेमतेम गुडघ्याएवढ्या उंचीवरून वर आला. पुन्हा टाकली, पुन्हा तसाच. आणि लगेच त्याच जागेवरून दुसरा आकडा वर आला, हिरवा. हिरवा म्हणजे जीव भरला. कुणीतरी त्याला हील केलं होतं.

त्या खोलीत हील करू शकणारा एकच होता. मी दादाच्या हीलरची मानाची निळी पट्टी बघितली. ती थोडी खाली आली होती.

कॅफेत त्या वेळी आम्ही दोघंच होतो. पंखा चालू होता. आत फराजची आई मेहमुदाचाची कुकर लावत होती, शिट्टी झाली तसे आम्ही दोघंही दचकलो. मग वळून कोपऱ्यातल्या मशीनकडं बघितलं. खुर्ची रिकामी. फराज उठला, दादाचा कीबोर्ड पालथा करून झटकला. बटण दबून बसलं असेल. त्यातून शेंगदाण्याची टरफलं पडली, ती दादाचीच. मग त्यानं कीबोर्डची वायरच काढून हातात धरली.

"टाक आता."

मी टाकली. पांढरा आकडा, मग हिरवा.

फराज वायर हातात धरून तसाच उभा राहिला. "हे सर्व्हरचं न्हाय," तो म्हणाला.

४

संध्याकाळी दवाखान्याच्या पायरीवरच आई भेटली. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग होता.

"दीप्ते, जितूनं आज दुपारी बोटं हालवली! कायतर टाइप केल्यागत. सिस्टरनीबी बघितलं."

मला तिथंच रडू फुटलं. दादा खेळत होता. दवाखान्यात पडून, डोळे मिटून तो खेळत होता. त्या क्षणी मला भीती वाटलीच नाही, खोटं कशाला सांगू. मी त्याच्या कानाशी वाकून म्हटलं, "दादा, बघितलं मी."

त्याचा मोडलेला पाय वजन लावून वर टांगलेला होता. चादर छातीपर्यंत. बोटं आता निपचित होती. सिस्टर बाटली बदलायला आल्या आणि सहज म्हणाल्या, दुपारी बोटं हलली तेव्हाच बीपी पण एकदम खाली गेलं होतं, डॉक्टरांना बोलवावं लागलं.

घरी जाताना डोक्यात दोन विचार भांडत होते. एक, बोटं आणि बीपी यांचा आणि माझ्या खेळाचा काही संबंध नाही. फराजचं भंगार मशीन आणि माझं न झोपलेलं डोकं. मी बी.एस्सी. केलेली मुलगी आहे. दुसरा विचार असा, की दादाच्या शेजारी काहीतरी आहे. ते त्याच्याकडून स्वतःचा जीव भरून घेतंय आणि त्यात दादा संपत चाललाय.

पहिला विचार शहाणपणाचा होता. पण त्यात मला करण्यासारखं काही नव्हतं.

५

"त्याला मारायचं," मी फराजला सांगितलं.

"कशाला? कोण हाय ते म्हाईत हाय का तुला?"

"दादाला खायलंय ते. आणि काय म्हाईत पायजे?"

अडचण हिशेबाची होती. रिकाम्या खोलीत त्या एकट्यावर आग टाकली की माना परत मिळायची नाही, माझं इंधन संपायचं आणि तोवर दादाचा हिरवा आकडा त्याचा जीव भरून टाकायचा. जळण हवं होतं. म्हणजे नऊ सांगाडे जिवंत ठेवायचे आणि सगळा घोळका दारापाशी आणायचा, बरोबर त्याच्यावर.

"म्हणजे मी तिथं उभारायचं?" फराजनं विचारलं. "माझ्या पायाखाली असंल व्हय ते?"

"व्हय."

त्यानं दोन्ही तळवे पॅंटीला पुसले आणि हेडफोन चढवला.

आठवडाभर आम्ही तेवढंच केलं. वीज आधी, मग पाऊस, पाऊस अर्ध्यात आला की कडं, कड्यात थिजलेल्यांवर पुन्हा वीज. सांगाडे मरू नयेत म्हणून लहान आग, मारा थांबू नये म्हणून लगोलग. हिरवे आकडे पडत होते, पण माझे पांढरे आता जास्त वेगानं पडायला लागले. दर दुपारी आम्ही थोडे पुढं जायचो. दर संध्याकाळी आई सांगायची, बोटं हलली. बीपीचं मी विचारायचंच सोडलं होतं. लढाई म्हटली की मार बसणारच, असं मी स्वतःला समजवायची. आपल्याला सोयीचं तेवढंच माणूस समजून घेतं.

शुक्रवारी क्रम बसला. असा बसला की बोटांना विचारावं लागेना. पांढऱ्या आकड्यांपुढं हिरवे पुरे पडेनात आणि दारापाशी पहिल्यांदाच त्याची जीवाची लाल पट्टी दिसली. उगवल्या चंद्रकोरीएवढी उरली होती. अजून एक फेरी, बस्स.

पाऊस पडत होता. त्या आगीच्या उजेडात, फराजच्या पायांमधून, मला ते क्षणभर दिसलं. ते आडवं होतं. म्हणून आकडे जमिनीलगत उडत होते. छातीपर्यंत काहीतरी पांघरलेलं. आणि एक पाय वर, टांगल्यासारखा.

मी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले.

"काय झालं? टाक की! एकच फेरी हाय!" फराज ओरडला.

"न्हाय. तो दादा हाय, फराज. मी दादालाच जाळायलीय."

सांगाड्यांनी आम्हा दोघांना मारून टाकलं. मी बघत बसले. आठवडाभर मी माझ्याच भावावर आग टाकत होते आणि तो बिचारा स्वतःला कसाबसा जगवत होता, असं मला वाटलं. लाज वाटली, जीव नकोसा झाला. तेवढ्यात फोन वाजला. आई रडत होती आणि हसत होती. दादानं डोळे उघडले होते.

६

जूनमध्ये तो घरी आला. सिद्धार्थनगरच्या आमच्या गल्लीत लोकांनी फटाके लावले. आईनं विहारात खीर वाटली. तो भरपूर जेवायचा, सगळ्यांची नावं बरोबर घ्यायचा, गमतीला हसायचा. कुणाच्या चुकीवर मात्र पूर्वीसारखा गप्प बसायचा नाही, लक्षात ठेवायचा. डॉक्टर म्हणाले, डोक्याच्या माराचं असं होतं, जाईल हळूहळू.

मी त्याला कॅफेत घेऊन गेले. कुबड्या टेकत तो आत आला. मेहमुदाचाचीनं त्याची दृष्ट काढली, चहा दिला. तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला, ग्लास दोन्ही हातांत धरून. कोपऱ्यातल्या मशीनकडं बघून म्हणाला, "अजून चालू हाय व्हय ते? बंद करा की आता. मी आलोय न्हवं?"

"करतो की," फराज खुशीत म्हणाला आणि उठला.

"थांब, एक खेळ दाखवू दे त्याला," मी म्हटलं. मला मिरवायचं होतं, बाकी काही नाही.

आम्ही तळघरात उतरलो. फराजनं घोळका आणला, मी आग टाकली. नऊ आकडे. दारापाशी काहीच उडालं नाही. मला बरं वाटलं. तेवढ्यात एक सांगाडा घोळक्यातून सुटला आणि त्यानं मला जोरात हाणलं. माझा जीव निम्मा झाला.

आणि हिरवा आकडा पडला. माझ्यावर.

मी शेजारी बघितलं. दादाचे दोन्ही हात ग्लासाभोवती होते. मी पडद्यावर बघितलं. दारापाशी पांढऱ्या झग्यातला हीलर, त्याची माना खाली येत होती. मला पुन्हा हिरवा आकडा, पुन्हा, पुन्हा. माझा जीव कधीच भरला होता तरी तो टाकतच होता. पूर्वी मी लक्ष देत नसले की दादा असंच करायचा, मी मागं वळून बघेपर्यंत.

शेजारी बसलेल्यानं ते पाहिलं. चहाचा घोट घेतला आणि मला एकटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "एकच फेरी राहिलती बघ तुझी."

हे मी त्याला सांगितलं नव्हतं. घरात कुणालाच नाही.

फराजचा हात स्विचवर होता. "फराज, हात काढ," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण खोलीभर घुमला. "ते मशीन बंद केलंस तर माझ्याशी गाठ हाय."

७

गेला महिनाभर मी स्वतःला पुष्कळ समजावलं. गेममध्ये बिघाड असेल. फराजनं त्याला त्या शुक्रवारचं सांगितलं असेल. फराज त्याच्या वडिलांची, बाबालाल काकांची, शपथ घेऊन नाही म्हणतो, आणि ती तो खोटी घेणार नाही. माझंच डोकं फिरलं असेल, हेही मी धरून बघितलं. घरात आईच्या अंगावर मूठभर मांस चढलंय. ती त्याला भरवते, तो खातो. मी चुकत असले तर मी माझ्या आईचं काय करणार आहे, हे मला नीट कळतं. रात्री पांघरुणात तेवढाच विचार असतो.

पण एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा करून बघितली. औषध घेऊन दुपारी तो घरी झोपला, की तळघरात दारापाशी दहावा आकडा पडतो. गुडघ्याच्या उंचीवरून. तो जागा असला की पडत नाही. आणि आपल्या माणसांवर आग पडत नाही, हा गेमचा नियम मी त्या शुक्रवारी विसरले होते.

तेव्हा, मार्चपासून, दादा त्या आडव्या पडलेल्याला का जगवत होता? अंगावर आपलंच पांघरूण, आपलाच मोडका पाय. कदाचित दादालाही वाटलं असेल, की हा मीच आहे. मलाही तसंच वाटलं होतं.

फराजला मी सगळं सांगितलं.

"आणि चुकलं तर, दीप्ती?"

"तर मी भाऊ मारला म्हणायचं."

"आणि न्हाय मारलं तर?"

मी कोपऱ्यातल्या मशीनकडं बोट दाखवलं. तिथल्या पडद्यावर पांढरा झगा माझ्याकडं तोंड करून उभा होता. फराजनं कॅफेचं शटर अर्धं खाली ओढलं आणि हेडफोन चढवला.

आज आईनं फोन करून सांगितलं होतं, जितू जेवून झोपलाय. आम्ही तळघरात उतरलो. फराजनं नऊच्या नऊ सांगाडे दारापाशी नेले आणि त्यांच्या मधोमध उभा राहिला. वीज, पाऊस, पाऊस अर्ध्यात आला की कडं, पुन्हा वीज. दहावा आकडा पडत होता. मी हिरव्याची वाट बघत होते. हिरवा आला तर हात उचलायचे, हे मी ठरवून आले होते.

हिरवा आला नाही. दादाच्या हीलरची निळी पट्टी काठोकाठ भरलेली होती आणि ती तसूभरही हलली नाही.

लाल पट्टी दिसायला लागली. निम्मी. निम्म्याच्या खाली. फोन वाजला, मी खांद्यानं कानाशी दाबून धरला.

"दीप्ते, लवकर ये गं. जितू झोपेत कसं करायलाय बघ. उठंना झालाय, अंग तापलंय नुसतं. आणि सारखा एकच म्हणायलाय, दीप्तीला थांबव, दीप्तीला थांबव. कशाला म्हणत आसंल गं? कुठं हाईस तू?"

"आले, आई," मी म्हटलं, फोन पालथा ठेवला आणि वर्तुळ पुन्हा दारापाशी नेलं.